मेजर लीग बेसबॉल: येत्या हंगामात कोणता संघ कुठे जाईल, याचा अंदाज कसा बांधतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीत ॲरिझोना आणि फ्लोरिडात संघांचा सराव सुरू झाला, की न्यू जर्सी, शिकागो, बे एरियातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एकच विषय असतो: यंदा आपल्या संघाचं काय होणार? पुण्या-मुंबईत पहाटे साडेचारला उठून न्यूयॉर्कचे संध्याकाळचे सामने बघणारेही आता हेच विचारतात. क्रिकेट अंगात भिनलेल्या माणसाला बेसबॉलचे आकडे थोडे वेगळे वाचावे लागतात. म्हणून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

अंदाज नेमका कशाचा बांधतात?

एकूण ३० संघ. अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग अशा दोन लीग, प्रत्येकीत तीन डिव्हिजन, प्रत्येक डिव्हिजनमध्ये पाच संघ. प्रत्येक संघ मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर १६२ सामने खेळतो. २०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ पोस्टसीझनला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांना जातात: तीन डिव्हिजन विजेते आणि तीन वाइल्ड कार्ड (उरलेल्यांतले सर्वोत्तम).

त्यामुळे अंदाजही तीन प्रकारचे असतात. संघ किती सामने जिंकेल, पोस्टसीझनला पोचण्याची शक्यता किती, आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका जिंकण्याची शक्यता किती. यातला पहिला सगळ्यात भरवशाचा, तिसरा सगळ्यात कमी. वर्तमानपत्रांत मात्र मथळा तिसऱ्याचाच असतो.

गेल्या वर्षी संघाने किती सामने जिंकले, ते बघितलं की पुरत नाही का?

नाही. विजयांपेक्षा रन बघा. संघाने किती रन केले आणि किती दिले, यावरून पुढच्या वर्षाचा अंदाज जास्त नीट लागतो. बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांनी मांडलेलं सूत्र अगदी सोपं आहे: केलेल्या रनांचा वर्ग घ्या, दिलेल्या रनांचा वर्ग घ्या, आणि पहिल्याला दोन्हींच्या बेरजेने भागा. जे येईल ते त्या संघाने जिंकायला हवे होते अशा सामन्यांचं प्रमाण. वर्गाऐवजी १.८३ हा घात वापरला तर उत्तर थोडं अधिक अचूक येतं, पण घरच्या हिशेबाला वर्ग पुरतो.

२०२३ चा सॅन डिएगो पाद्रेस संघ घ्या. त्यांनी ७५२ रन केले आणि ६४८ दिले. ७५२ चा वर्ग ५,६५,५०४ आणि ६४८ चा वर्ग ४,१९,९०४. भागाकार येतो ०.५७४, म्हणजे १६२ पैकी ९३ विजय. प्रत्यक्षात ते ८२ च जिंकले आणि पोस्टसीझनला मुकले. कारण एका रनाने निकाल लागलेले सामने. अशा ३२ सामन्यांत ते ९ जिंकले आणि २३ हरले. नऊ इनिंगनंतर बरोबरी राहून जादा इनिंगमध्ये गेलेल्या १४ पैकी १२ हरले. त्या हिवाळ्यात ह्वान सोटो ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) यांकीजकडे गेला आणि सर्वोत्तम पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) साय यंग पुरस्कार मिळवलेला ब्लेक स्नेल करार संपून निघून गेला. दोन मोठे मोहरे गेल्यावर संघ संपला असं म्हणणारे पुष्कळ होते. २०२४ मध्ये पाद्रेसनी बरोबर ९३ सामने जिंकले. आकडा तंतोतंत जुळला हा योगायोग, पण संघ वर येणार हे रन आधीच सांगत होते.

उलट उदाहरण २०१२ च्या बाल्टिमोर ओरिओल्सचं. विजय ९३, पण रनांची आघाडी फक्त ७. एका रनाच्या सामन्यांत २९ जिंकले आणि ९ हरले. पुढच्या वर्षी तेच प्रमाण २० विजय, ३१ पराभव असं उलटलं आणि एकूण विजय ८५ वर आले.

अटीतटीचे सामने जिंकणं हा एखाद्या संघाचा स्वभाव आहे, असं टीव्हीवर सारखं ऐकू येतं. चांगल्या बुलपेनचा (सामन्यात नंतर येणाऱ्या पिचरांचा) थोडा हात असतो, नाही असं नाही. पण वर्षामागून वर्षं तो टिकत नाही.

पण संघ तर दर वर्षी बदलतो. मग पुढच्या वर्षीचे रन कुठून काढायचे?

खेळाडूंपासून वर चढत जायचं. आधी प्रत्येक खेळाडूचा अंदाज, मग तो किती खेळेल याचा अंदाज, मग बेरीज.

खेळाडूच्या अंदाजाची सगळ्यात साधी पद्धत आकडेतज्ज्ञ टॉम टँगो यांची मार्सेल. मागच्या तीन वर्षांना ५, ४, ३ असं वजन द्यायचं, म्हणजे अलीकडचं वर्ष जास्त महत्त्वाचं. मग उत्तर लीगच्या सरासरीकडे थोडं ओढायचं आणि वयाची सुधारणा करायची. समजा एका बॅटरने गेल्या वर्षी ३८, त्याआधी २५ आणि त्याआधी २२ होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले. (३८×५ + २५×४ + २२×३) भागिले १२, म्हणजे साधारण ३०. सरासरीकडे ओढल्यावर २७-२८. चाहता मात्र ‘आता हा दर वर्षी चाळीस मारणार’ असं धरून चाललेला असतो.

मार्सेलमध्ये कुठलीही हुशारी नाही, आणि म्हणूनच ती मला आवडते. तुमची गुंतागुंतीची पद्धत मार्सेलला हरवू शकत नसेल, तर ती गुंतागुंत कशासाठी?

झिप्स, स्टीमर, पेकोटा या मोठ्या पद्धतींची हाडं हीच आहेत. त्यांवर त्या मायनर लीगचे (मेजर लीगच्या खालच्या स्पर्धांचे) आकडे, मैदानाचा परिणाम आणि चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटतो यांसारखी मापं चढवतात. २०१५ पासून मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट ही यंत्रणा प्रत्येक चेंडू मोजते. त्यामुळे एखाद्या बॅटरचे फटके जोरदार असूनही थेट फिल्डरच्या हातात जात होते का, हे आता कळतं.

‘वॉर’ हा आकडा सगळीकडे दिसतो. तो अंदाजात कसा वापरतात?

एखादा खेळाडू नसता आणि त्याच्या जागी मायनर लीगमधून सहज मिळणारा कोणी खेळला असता, तर संघाचे किती विजय कमी झाले असते, ते वॉर सांगतो. संपूर्ण संघच अशा सहज मिळणाऱ्या खेळाडूंचा असता तर तो १६२ पैकी साधारण ४८ सामने जिंकला असता, असं धरतात. म्हणजे संघातल्या सगळ्यांच्या अपेक्षित वॉरची बेरीज करायची आणि तिच्यात ४८ मिळवायचे. बेरीज ४० आली तर ८८ विजय.

घरी बसून करताना एक गोष्ट हमखास चुकते: खेळण्याची वाटणी. प्रत्येक जण पूर्ण हंगाम खेळेल असं धरलं की सगळेच संघ ९५ विजयांचे दिसायला लागतात. एका संघाला हंगामात साधारण १,४५० इनिंग टाकायच्या असतात. कागदावर पाच स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारे) पिचर असतात, पण केवळ पाच जणांवर हंगाम निभावणं जवळजवळ अशक्य. सहावा, सातवा, आठवा पिचर कोण आहे, हे बघायला विसरू नका. बरेचसे अंदाज तिथेच घसरतात.

आणखी एक तपासणी: तीसही संघांच्या विजयांची बेरीज २,४३० च यायला हवी. तुमची २,५५० आली तर कुठेतरी उदारपणा झाला आहे.

एक सुपरस्टार घेतला की संघ किती वर जातो?

लोकांना वाटतं त्याहून खूप कमी. अगदी वरच्या दर्जाचा खेळाडू वर्षाला सहा-सात विजयांची भर घालतो, त्याहून जास्त देणारे विरळाच. दहा रन म्हणजे साधारण एक विजय. बॅटर नऊ जणांच्या रांगेत आपली पाळी येईल तेव्हाच खेळतो आणि स्टार्टर पिचर पाच-सहा दिवसांनी एकदा मैदानात उतरतो. विराट कोहली तीन नंबरला येऊन वीस षटकं उभा राहतो, तशी सोय इथे नाही.

सिएटल मरिनर्सचं २००१ साल यासाठी कायम लक्षात ठेवावं. १९९८ मध्ये रँडी जॉन्सन गेला, २००० च्या सुरुवातीला केन ग्रिफी ज्युनियर गेला, आणि त्या वर्षाच्या शेवटी ॲलेक्स रॉड्रिगेझ २५ कोटी २० लाख डॉलरच्या करारावर टेक्सासला गेला. तिघेही त्या पिढीतले अव्वल खेळाडू. पुढच्या हंगामात मरिनर्स ११६ सामने जिंकले. शिकागो कब्जच्या १९०६ च्या विक्रमाची बरोबरी! जपानहून आलेला इचिरो होताच, पण खरी ताकद ही की जवळजवळ प्रत्येक जागेवर चांगला खेळाडू होता. एका ठिकाणी हिरा आणि चार ठिकाणी भगदाडं असण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

कुठल्याच अंदाजात कोणाला ११० विजय किंवा ११५ पराभव का दिसत नाहीत? प्रत्यक्षात तर होतात.

कारण अंदाज हा शक्यतांचा मध्य असतो. दर वर्षी कोणीतरी नशिबाने खूप वर जातं आणि कोणीतरी खूप खाली येतं, पण कोण ते आधी सांगता येत नाही. म्हणून हंगामाआधीचे आकडे साधारण साठ ते शंभर यांच्यामध्ये दाटीने बसतात आणि प्रत्यक्ष निकाल त्यापलीकडे पसरतात. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरले, आधुनिक काळातला विक्रम. संघ वाईट आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. इतका वाईट, हे कोणाच्याच तक्त्यात नव्हतं.

मग हे अंदाज चुकतात तरी किती?

आधी नशिबाचा वाटा बघू. समजा एक संघ अगदी मध्यम आहे, प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता निम्मी. १६२ सामन्यांत त्याचे ८१ विजय व्हायला हवेत. पण केवळ योगायोगाने हा आकडा साधारण सहा विजय इकडे-तिकडे हलतो. तीनातल्या दोन हंगामांत तो ७५ ते ८७ मध्ये राहील, आणि वीसातल्या एका हंगामात बारा-तेराहूनही जास्त सरकेल. म्हणजे तुम्हाला संघाची ताकद तंतोतंत माहीत असली, तरीही इतकी चूक होणारच. यावर दुखापती, ट्रेड आणि खेळाडूंबद्दलचे चुकलेले हिशेब चढतात. चांगल्या पद्धतींचे अंदाज सरासरीने सात-आठ विजयांनी चुकतात, आणि हे ऐकून माझा त्यांच्यावरचा विश्वास उलट वाढतो, कारण खाली जमीन सहाचीच आहे.

मोठे फसलेले अंदाजही सांगायला हवेत. २०१५ मध्ये पेकोटाने कॅन्सस सिटी रॉयल्सना ७२ विजय दिले. ते ९५ जिंकले आणि वर्ल्ड सिरीजही घेऊन गेले. त्यांची फिल्डिंग, बुलपेन आणि चेंडूला बॅट लावण्याची हातोटी त्या वेळच्या मापांत नीट पकडली जात नव्हती.

सॅन फ्रान्सिस्को जायंट्सची २०२१ ची गोष्ट तर फ्रीमाँट-सॅन होजेतल्या मराठी घरांत अजून निघते. अंदाज ७५ च्या आसपास होता. बस्टर पोझी, ब्रँडन क्रॉफर्ड, ब्रँडन बेल्ट हे तिशी ओलांडलेले खेळाडू उतरणीला लागले, असं सगळे हिशेब सांगत होते. त्या तिघांनीही कारकिर्दीतल्या उत्तम हंगामांपैकी एक दिला, बाकीचे जोडीला आले, आणि संघ १०७ जिंकला. १०६ जिंकणाऱ्या डॉजर्सना डिव्हिजनमध्ये दुसरं राहावं लागलं. पोझी निवृत्त झाला आणि २०२२ मध्ये जायंट्स ८१ विजय, ८१ पराभव, अगदी मधोमध येऊन थांबले. एका वर्षी अंदाज तीसहून अधिक विजयांनी फसला. त्यामागचं गणित, वय वाढलं की खेळ उतरतो, ते मात्र फसलं नव्हतं.

अंदाजकर्त्यांच्या बाजूनेही एक उदाहरण हवं. टँपा बे रेज २००७ मध्ये ६६ जिंकून तळाला होते. २००८ साठी पेकोटाने त्यांना जवळपास ८८ विजय दिले, तेव्हा लोक हसले. रेज ९७ जिंकले आणि थेट वर्ल्ड सिरीज खेळले.

खेळाडू कोणत्या वयात उतरतात?

बहुतेक बॅटर २६ ते २९ च्या दरम्यान शिखरावर असतात. वेग आणि फिल्डिंग आधी जाते, चेंडू ओळखून सोडून देण्याची समज उशिरापर्यंत टिकते. ज्या संघाचा गाभा ३३-३४ चा आहे, त्याच्याबद्दल गेल्या वर्षीच्या आकड्यांवर जाऊ नका.

दुखापतींचा हिशेब कसा धरायचा?

पिचरचा कोपर हा या खेळातला सगळ्यात महाग सांधा आहे. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केलेली शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते, आणि तिच्यानंतर परत यायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं. कोणाचा कोपर जाईल हे सांगता येत नाही. पण प्रत्येक संघाचे काही पिचर जाणार, हे पक्कं धरून चालता येतं.

अटलांटा ब्रेव्हज २०२३ मध्ये १०४ जिंकले. २०२४ मध्ये स्पेन्सर स्ट्रायडर एप्रिलमध्येच हंगामाबाहेर गेला, मेमध्ये रोनाल्ड अकुन्या ज्युनियरचा गुडघा गेला, तरी संघाने ८९ विजय काढले. एवढे घाव सोसतील इतके चांगले राखीव खेळाडू बहुतेक संघांकडे नसतात. आणि ते कायम पुरतातच असंही नाही: २०२५ मध्ये तेच ब्रेव्हज ७६ वर घसरले.

स्प्रिंग ट्रेनिंगमधले निकाल मोजावेत का?

संघाचे जय-पराजय सोडून द्या. पिचर नव्या प्रकारचा चेंडू टाकून बघत असतात आणि सामन्याच्या उत्तरार्धात मायनर लीगची मुलं खेळतात. फक्त दोन गोष्टींवर नजर ठेवा: दुखापतीतून परतलेल्या पिचरचा वेग आणि कोणाला कोणत्या जागी खेळवतात.

मैदानाने काय फरक पडतो?

डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर आहे. हवा विरळ, चेंडू लांब जातो आणि वळतोही कमी. तिथल्या बॅटरचे आकडे कापून आणि पिचरचे सवलत देऊन वाचावे लागतात. अलीकडे मैदानंच बदलल्यामुळेही घोळ झाला. वादळात स्वतःच्या मैदानाचं छप्पर उडाल्याने रेज २०२५ मध्ये टँपातल्या यांकीजच्या सरावाच्या मैदानावर खेळले. ॲथलेटिक्स ओकलंड सोडून वेस्ट सॅक्रामेंटोतल्या मायनर लीगच्या मैदानावर गेले. अशा वेळी जुना मैदानाचा हिशेब चालत नाही.

डिव्हिजन कठीण असेल तर?

पूर्वी जास्त फरक पडायचा. २०२३ पासून प्रत्येक संघ बाकीच्या २९ ही संघांशी खेळतो आणि डिव्हिजनमधल्या प्रत्येकाशी १९ ऐवजी १३ सामने. तरी पोस्टसीझनची शक्यता काढताना डिव्हिजन बघावीच लागते.

एप्रिलमध्ये संघ सुसाट सुटला. अंदाज बदलायचा का?

थोडासा. संघाच्या निकालांत ताकद आणि नशीब यांचा वाटा सारखा व्हायला साधारण ७० सामने लागतात. २०२३ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी २० विजय, ९ पराभव अशी सुरुवात केली आणि हंगाम ७६ विजयांवर संपवला. २०१९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स ५० सामन्यांनंतर १९ विजय, ३१ पराभव अशा अवस्थेत होते. ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज त्यांची होती.

जुलैअखेरच्या ट्रेडनंतर मात्र हिशेब नव्याने मांडा. २०२१ मध्ये अकुन्या जायबंदी झाल्यावर ब्रेव्हजनी जुलैत चार नवे आउटफिल्डर आणले. त्यांतला होर्हे सोलेर वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मार्चमधल्या कुठल्याच अंदाजाला हे माहीत असणं शक्य नव्हतं.

मग चॅम्पियन कोण, हे तरी सांगा!

मार्चमध्ये सगळ्यात बलाढ्य संघालाही वर्ल्ड सिरीजची शक्यता पाचात एक किंवा थोडी वर-खाली मिळते. म्हणजे ‘बाकीच्यांपैकी कोणीतरी’ हे उत्तर जवळजवळ नेहमीच जास्त बरोबर असतं. वाइल्ड कार्ड फेरी तीन सामन्यांची, पुढची पाचाची, त्यापुढच्या दोन सातच्या. सर्वोत्तम संघही वर्षभरात चाळीस टक्के सामने हरत असेल, तर पाचात तीन हरणं त्याला अवघड नाही. २०२२ मध्ये १११ जिंकलेल्या डॉजर्सना ८९ जिंकलेल्या पाद्रेसनी घरी पाठवलं. २००६ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्स ८३ विजयांवर चॅम्पियन झाले. डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन जेतेपदं घेतली, तेव्हा १९९८-२००० च्या यांकीजनंतर पहिल्यांदा असं घडलं. आणि २०२५ मध्ये शंभरच्या पलीकडच्या गप्पा चालू असताना ते साखळीत ९३ च जिंकले होते.

संगणकाचं ऐकावं की जाणकारांचं?

सुरुवात संगणकापासून करा. फॅनग्राफ्स, बेसबॉल प्रॉस्पेक्टस अशा संकेतस्थळांवरचे दोन-तीन अंदाज घेऊन सरासरी काढा, ती सहसा एकट्या कोणाहीपेक्षा बरी ठरते. मग ठोस कारण असेल तिथेच तीन-चार विजय इकडे-तिकडे करा: पिचरने नव्या प्रकारचा चेंडू आत्मसात केला, दुखापत संगणकात अजून उतरली नाही, वगैरे. ‘या संघात जिद्द आहे’ हे कारण धरू नका. आपल्या लाडक्या संघाचा आकडा शक्यतो दुसऱ्याला काढायला सांगा.

सट्टाबाजाराचे आकडे बघावेत का?

माहिती म्हणून जरूर. तिथे प्रत्येक संघाच्या विजयांची एक रेषा ठरते आणि तिच्यात बऱ्याच हुशार लोकांचे हिशेब मिसळलेले असतात. पैसे लावणं ही वेगळी गोष्ट. अमेरिकेत २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रत्येक राज्याचा कायदा निराळा आहे, न्यू जर्सीत चालतं ते कॅलिफोर्नियात चालत नाही. भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे.

आपला अंदाज चांगला होता की नाही, हे हंगामानंतर कसं तपासायचं?

मार्चमध्येच तीसही आकडे लिहून तारीख टाकून ठेवा, मागाहून आठवलेले अंदाज कायम बरोबर असतात. हंगाम संपल्यावर प्रत्येक संघाचा फरक काढा, उणे-अधिक चिन्ह सोडा आणि सरासरी घ्या. मग तीच सरासरी दोन आळशी अंदाजांसाठी काढा: सगळ्यांना ८१ विजय, आणि सगळ्यांना गेल्या वर्षीइतकेच विजय. या दोघांना हरवलंत तर तुमच्या कामात दम आहे. हरवलं नाहीत, तर ज्या संघांवर दहाहून जास्त विजयांनी चुकलात त्यांची यादी करा आणि प्रत्येकासमोर कारण लिहा: एका रनाचे सामने, दुखापत, ट्रेड की खेळाडूबद्दलचा चुकलेला हिशेब. पहिली तीन कारणं पुढच्या मार्चमध्येही तुमच्या हातात नसतील. चौथ्यावर हिवाळाभर काम करता येतं.